एका फोनची चार कार्डं

आमच्या घरी फोन कोणाच्या हातात आहे हे बघावं लागत नसे, ते ऐकू यायचं. फोन सुरू होताना एक ठरलेली धून वाजायची, आणि ती दिवसातून कितीदा तरी वाजायची, कारण तो सारखा बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. मागचं झाकण नखाने उचकटायचं, बॅटरी काढायची, तिच्याखालच्या खाचेतून आधीच्या माणसाचं मेमरी कार्ड सरकवून बाहेर घ्यायचं, आपलं आत घालायचं, मग बॅटरी, मग झाकण, आणि मग ती धून. धून वाजली की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आता कोन?" घरात माणसं चार, फोन एक आणि कार्डं चार. माझं वय काही आठवणी लिहून ठेवण्याचं नाही, असं कोणी म्हणेलही. पण परवा भाचीने मला विचारलं, "मावशी, फोनमधून काढून ठेवता येतं असं काय असतं गं?" आणि मला सांगताच येईना. म्हणून हे लिहायला घेतलं.

फोन आला होता प्रशांतमामाकडून. मामा आईचा धाकटा भाऊ, खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने नवा फोन घेतला आणि जुना आम्हाला दिला. खोक्यावर आठ जीबी असं लिहिलेलं होतं, पण त्यातली निम्मी जागा फोन स्वतःच अडवून बसलेला. उरलेल्या जागेत व्हॉट्सअॅप, आईचे नातेवाईक आणि त्यांची रोजची सुप्रभातं. थोड्याच दिवसांत फोन जागा नाही, जागा नाही म्हणून कुरकुरू लागला. मामाने एक कार्ड आणून आत घातलं. बाबांनी ते स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात नेऊन गच्च भरून आणलं: वंदना, भीमगीतं आणि त्यांच्या तरुणपणच्या कव्वाल्या. आईला तिच्या आईचे फोटो ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा तिने स्वतःचं कार्ड घेतलं. ताई कॉलेजला जायला लागली आणि तिने तिचं घेतलं. मग मी रडून माझं मिळवलं. बाबांचं कार्ड पाकिटात बसच्या पासामागे असे, आईचं कानातल्यांच्या डबीत, ताईचं गळ्यातल्या ओळखपत्राच्या प्लॅस्टिकमध्ये, आणि माझं कंपासपेटीत.

कात्रजच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, टेकडी कापून बांधलेल्या इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर घाट चढणाऱ्या ट्रकांचे गिअर ऐकू येत, आणि संध्याकाळी वारा इकडचा असला की प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा आवाज. पाहुणे दचकायचे. आई म्हणायची, "जेवायची येळ झाली त्याची. तुमी बसा." बाबा दूध डेअरीत पिशव्या भरण्याच्या खात्यात होते. आयुष्यभर दुधात हात असलेला हा माणूस चहा मात्र काळा प्यायचा. दोघंही विदर्भातले, अमरावतीकडच्या एका खेड्यातले. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची बोली तशीच राहिली. ताई आणि मी शाळेतली मराठी बोलायचो, त्यामुळे आमच्या घरात दोन मराठ्या नांदायच्या. आई कॉलेजच्या पोरांचे डबे करायची. तिकडची पोरं शिकायला इकडे आली की वास काढत आमच्या दारात यायची. बुधवारी गोळाभात, त्यावर कडकडीत तेलाची फोडणी, आणि रविवारी पाटोडीचा रस्सा. रविवारचा तो काळ्या मसाल्याचा वास जिन्याने खाली उतरायचा आणि घरमालकीणकाकूंना शिंका यायच्या. काकू अस्सल पेठेतल्या. आमच्या चार कार्डांची हकिकत त्यांना कळली तेव्हा म्हणाल्या, "छान. प्रत्येकाचं वेगळं. आता त्या फोनवरून कधी फोन करायची वेळ आली, तर कोणाला विचारायचं तेवढं सांगून ठेवा."

कार्डांचा नियम आईने घातला होता. ज्याचं कार्ड त्यानेच घालायचं आणि त्यानेच काढायचं. "दुसऱ्याचं कार्ड म्हंजे दुसऱ्याचा बरश," ती म्हणायची, "तोंडात घालाचा नाही." दोन खोल्यांच्या घरात कुणालाच स्वतःचं कपाट नव्हतं. ताई आणि मी एका चादरीत झोपायचो. अशा घरात नखाएवढी एक जागा प्रत्येकाची स्वतःची होती. नावं मात्र उलटी पडली होती. फोनच्या आतल्या मेमरीत जे असेल ते सगळ्यांचं, कोणीही उघडावं, कोणीही बघावं. आणि बाहेरून घालायचं ते कार्ड खरं आतलं. हे मला आता लिहिताना सुचतंय. तेव्हा एवढंच माहीत होतं, की आपलं काही फोनमध्ये सांडून ठेवायचं नाही.

ताईचंच नेमकं सांडलं.

रविवार होता. मामा जेवायला आला होता, रस्सा ओरपून त्याचं नाक लाल झालेलं. ताई घरी नव्हती. ती बी.एस्सी.ला होती, प्राणिशास्त्र घेऊन. बऱ्याच रविवारी प्रॅक्टिकल आहे म्हणून जायची. त्या दिवशी फोन घरीच ठेवून गेली होती. गावाकडे चुलतभावाने घर बांधलं होतं, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर आलेला. बाबा तो मामाला दाखवायला फोटो उघडून बसले. आत बाबांचंच कार्ड होतं. म्हणजे ताईचं काही दिसायचं कारणच नव्हतं. पण आधीच्या रविवारी ताईकडून कार्ड घालताना ते खाचेत नीट बसलं नसावं. कार्ड सापडलं नाही की आमच्या फोनचा कॅमेरा काही न विचारता, काही न सांगता आतल्या मेमरीत साठवायला लागे. बाबांनी बोट सरकवलं आणि घराच्या फोटोऐवजी एक व्हिडिओ सुरू झाला.

कुठल्यातरी बांधकामावरचा होता. सिमेंटच्या गोण्या, लांब उभे राहिलेले मजूर, आणि मधे आमची ताई. पायांत गमबूट, हातात आकड्याची काठी. समोर फणा काढलेला नाग. कोणीतरी आमच्याच फोनवर तो व्हिडिओ काढत होतं. ताई वाकली होती आणि हळू आवाजात नागाशी बोलत होती, मला झोपवताना बोलायची तशी. "थांब. थांब जरा. जायचंय ना आपल्याला? चल."

मामाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग फोन पालथा ठेवला, उठून मोरीत गेले आणि हात धुतले. परत येऊन बसले आणि पुन्हा उठून हात धुतले.

ताई आली ती चप्पल काढता काढताच थांबली. चौघांचे चेहरे बघून तिला काय ते कळलं. मामाच आधी बोलला. मामा वाईट माणूस नव्हता. आम्हा दोघींवर त्याचा जीव होता, आणि तो खरंच हादरला होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"बारावीनंतर," ताई म्हणाली. "मी एकटी नाही जात मामा. वनखात्याकडे नोंद असलेल्या एक बाई आहेत, त्यांच्या हाताखाली शिकतेय. फोन आला की जातो, पकडतो, जंगलात सोडतो."

"आणि घरी प्रॅक्टिकल!" मामाने हात पुढे केला. "ते कार्ड दे. अजून काय काय आहे त्यात, बघू दे एकदा सगळ्यांना."

ताईचा हात ओळखपत्रावर गेला. तिने ते मुठीत धरलं. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, दे. पण बोलली आई. पदराला हात पुसत ती मधे येऊन उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "कार्ड तिचं हाय."

"अक्का, अगं जीव जाईल पोरीचा!"

"जिवाचं इचार तिले. रागाव, बोल. कार्ड नाही मांगायचं."

आजही मला त्या वाक्याचं आश्चर्य वाटतं. आईला सापाची माझ्याहून जास्त भीती. नंतर कधीतरी मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं म्हणून. ती म्हणाली, "लगन झाल्यावर माही पेटी सासरच्या साऱ्यांनी उघडून पाह्यली होती. त्याईले वाटे, काय आनलं असन पोरीनं. काही नव्हतं त्यात. दोन लुगडे. पन पाह्यलं नं."

बाबांनी पालथा ठेवलेला फोन बाजूला सरकवला. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "माहा एक भाऊ होता. मोठा. रामदास."

हे आम्हाला माहीत होतं. रामदासकाका लहानपणी तापाने गेले, एवढंच घरात सांगितलेलं. मी तसं म्हणालेही.

"ताप नव्हता," बाबा म्हणाले. "पान लागलं होतं त्याले."

तिकडे साप चावला असं म्हणत नाहीत, नाव घेतलं की तो येतो म्हणतात. पान लागलं म्हणतात. बाबा सांगत गेले. कापूस वेचायला गेले होते दोघं. दिवस कलला होता. रामदास ओरडला नाही, नुसता खाली बसला आणि म्हणाला, काहीतरी लागलं. लोक जमले. गावाबाहेर एक बुवा होता, मंत्र टाकायचा, त्याच्या ओट्यावर नेऊन झोपवला. निंबाचा पाला खायला दिला, विष चढलं की तो गोड लागतो म्हणतात. गोड लागते का कडू, बुवा विचारत राहिला. बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी पोरांनी शेतात एक साप शोधून ठेचला आणि जाळला. तोच होता की दुसराच कोणी, कोण जाणे.

मग ताईने विचारलं, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता, डॉक्टरासारखा, "बाबा, त्यांना झोप येत होती का? पापण्या जड झाल्या होत्या?"

"काय फरक पडते आता?" बाबा ओरडले. बाबा ओरडत नसत.

"पडतो बाबा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "झोप येते म्हने. डोये उघडेच ना त्याचे. शब्द जड येत होते."

"मग नाग असेल. नागावर औषध आहे. तेव्हा दवाखान्यात नेलं असतं, तर..."

ती थांबली. पण वाक्य पूर्ण व्हायचं ते झालंच होतं. बाबा उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि पाळीची वेळ झाली नव्हती तरी कामावर गेले. भाकरीवर रस्सा गार होऊन त्यावर तेलाचा थर आला होता. आईने तो कोणालाच टाकू दिला नाही, स्वतःच खाल्ला.

पुढचे दिवस घर शांत होतं. बाबांनी फोन हातात घेतला नाही. सकाळी काळ्या चहाबरोबर लागणारी वंदना बंद झाली, संध्याकाळच्या कव्वाल्या बंद झाल्या. फोनची धून कमी वाजू लागली आणि आईचं "आता कोन?" थांबलं. ताई मात्र जात राहिली. फक्त आता खरं सांगून जायची. "आंबेगावला जातेय. धामण आहे." बाबा उत्तर देत नसत. पण ती परत आली की आधी तिच्या हातांकडे बघत, मग पायांकडे, आणि मग पेपर उघडत. मला वाटायचं, यापेक्षा भांडण बरं.

मग एका संध्याकाळी मामा नवाकोरा फोन घेऊन आला. आमच्यासाठीच आणला होता, त्याच्या बोनसमधून. चकचकीत, अंगाला कुठे सांधा नाही. मागचं झाकण उघडायची सोयच नव्हती. "ह्यात कार्ड लागतच नाही," तो म्हणाला. "चौसष्ट जीबी, सगळं आत. सगळ्यांचं एकत्र राहील. हरवायची भीती नाही, लपवालपवी नाही." शेवटचा शब्द त्याच्या तोंडून निसटला आणि तोही वरमला. मी फोन हातात घेतला होता, तो किती गार आणि गुळगुळीत होता हे मला आठवतं. मला तो हवाच होता, खोटं कशाला सांगू. ताई खिडकीशी उभी होती. बाबांनी फोन उलटा सुलटा करून बघितला.

"ह्याले खाच नाही?"

"नाही भाऊजी. हल्ली नसतेच."

"मंग आमाले हाच जुना बरा," बाबा म्हणाले. "तू मनापासून आनला, मले समजते. पन आमी चार जन हाओत."

मामाने वाद घातला नाही. चहा घेतला, खोकं पिशवीत घातलं आणि जाताना ताईच्या डोक्यावर टपली मारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेत बसले होते. ताईने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्यातून कार्ड काढलं आणि बाबांच्या कपाजवळ ठेवलं. "बघा," ती म्हणाली. "कोणी मागितलं म्हणून नाही. मला दाखवायचंय." बाबांनी कार्डाला हात लावला नाही. "तूच घाल," ते म्हणाले, "आन् तूच दाखव." झाकण, बॅटरी, खाच, बॅटरी, झाकण, धून. आई पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहिली.

मला वाटलं होतं, त्यात सगळे फणेच असतील. फणे थोडेच होते. पिशवीतून सोडलेला साप गवतात शिरतानाचे व्हिडिओ खूप होते, आणि त्यात बहुतेक वेळा शेवटी नुसतं गवतच हलत असे. सापाच्या कातेचे फोटो होते. एका अंड्यातून बाहेर येणारं बोटाएवढं तोंड होतं. बाबा प्रत्येक वेळी अंग चोरत, पण मान वळवत नव्हते. मग एक व्हिडिओ आला, त्यात साप नव्हताच. वाळूच्या ढिगावर बसलेल्या कामगार बाया, कडेवर पोरं, आणि समोर ताई बोलत उभी.

"पळायचं नाही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. देवळात नाही, बुवाकडे नाही, सरळ सरकारी दवाखान्यात. तिथे इंजेक्शन असतं."

एक बाई विचारते, "आन् लई उशीर झाला आसंल तर गं बाई?"

"तरी न्यायचं," ताई म्हणते. "श्वास चालू आहे तोवर उशीर झालेला नसतो."

व्हिडिओ संपला. बाबा म्हणाले, "अजून एकडाव लाव." ताईने लावला. पुन्हा ते शेवटचं वाक्य आलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"श्वास चालूच होता त्याचा," ते म्हणाले. "सकाळलोक चालू होता. माह्या मांडीवर."

ताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. आईने गॅस बंद केला. आमच्या घरात कोणी कोणाला जवळ घेऊन बसायची पद्धत नाही. ताईने फक्त बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाबांनी तो राहू दिला. मग नाक शिंकरून ते म्हणाले, "हे माह्या कार्डात टाकून दे."

सांगायला सोपं, पण आमच्या फोनला खाच एकच. एका कार्डातून दुसऱ्या कार्डात जायचं तर व्हिडिओ आधी फोनच्या आतल्या मेमरीत उतरवायचा, मग कार्ड बदलायचं, आणि तिथून पुढे सरकवायचा. आणि आत तर तिळाएवढी जागा नव्हती. मग आम्ही चौघं जमिनीवर गोल करून बसलो आणि काय काढायचं ते ठरवू लागलो. आईने नातेवाइकांची सगळी सुप्रभातं काढायला लावली, आत्याची सुद्धा. मी माझा गाडीच्या शर्यतीचा खेळ दिला, ज्यात मी पुष्कळ पुढे गेले होते. तरी बाबांचं स्वतःचं कार्ड भरलेलंच होतं. ताई म्हणाली, "बाबा, काहीतरी कमी करावं लागेल." बाबांनी विचार केला. "कव्वाल्या काढ," ते म्हणाले. आई म्हणाली, "अवो, साऱ्या?" "साऱ्या." काढताना ताईने एक चुकून वाजवली. ती संपेपर्यंत कोणी बंद केली नाही. मग तीही गेली.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या नव्या घराच्या निमित्ताने आम्ही गावी गेलो. ताईची परीक्षा होती म्हणून ती आली नाही. दुपारी विहारापुढच्या मंडपात माणसं जेवून पान खात बसलेली. बाबा उठून उभे राहिले. माझे बाबा चारचौघांत उभे राहून बोलणारे नव्हते. त्यांनी फोन दोन्ही हातांनी छातीसमोर धरला आणि म्हणाले, "हे ऐका जरा. थोडंच हाय." आवाज लहान होता, लोक पुढे सरकले, पोरांना गप्प केलं. व्हिडिओ संपला. रामदासकाकांना ओळखणारे तिथे पुष्कळ होते. मग मागून एका म्हातारीने विचारलं, "बोलते कोन थे? कोनाची पोर?"

"माही," बाबा म्हणाले.

एका तरुणाने त्याच्या फोनमध्ये टाकून मागितला. गावात तेव्हा नेट धड चालत नव्हतं, पाठवायची सोय नव्हती. बाबांनी ओट्यावर बसून झाकण उचकटलं, बॅटरी काढली, कार्ड काढून त्या पोराच्या तळहातावर ठेवलं. त्याच्याकडून ते दुसऱ्याकडे गेलं, दुसऱ्याकडून विहिरीपलीकडच्या घरात, आणि मग कुठे गेलं ते आम्हाला दिसेना. बाबा मांडीवर उघडा फोन घेऊन बसून राहिले. उन्हं उतरली, आमची अमरावतीची गाडी पकडायची वेळ होत आली. मी दोनदा फाट्याकडे बघून आले.

"बाबा, कार्ड घेऊन येऊ का मागून?" मी विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "फिरू दे त्याले."